कागदावरचा सेक्रेटरिएट: नागपुरातल्या एका घोडीच्या खरेदीचं प्रकरण

नागपूरजवळ राइडिंग स्कूल चालवणाऱ्या एका कुटुंबाला पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेली एक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, घोडी घ्यायची होती. मध्यस्थ तिची किंमत त्याच वयाच्या आणि तशाच कामगिरीच्या दुसऱ्या घोडीपेक्षा बरीच चढी सांगत होता. त्यासाठी त्याच्याकडे एकच आधार होता. तिच्या पाच पिढ्यांच्या वंशावळीत सेक्रेटरिएट या गाजलेल्या अमेरिकन शर्यतीच्या घोड्याचं नाव दोन ठिकाणी होतं आणि दोन्ही ठिकाणी पिवळा मार्कर फिरवलेला होता. मुलाचा बेत ठरला होता: काही वर्षं घोडी शिकवणीला वापरायची, मग तिची शिंगरं घ्यायची. वडिलांनी सगळा जन्म शंकरपटाच्या बैलजोड्या सांभाळण्यात घालवलेला. पैसे घोडीचे द्यायचे की नावाचे, हा त्यांचा प्रश्न होता.

मी सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि घोड्यांचं काम करते. कागद वाचून, घोडी तपासून मत द्यावं, असं त्यांनी सांगितलं. हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण आपल्याकडे रेसकोर्स नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाने घोडा धावताना पाहिलेला असतो. विदर्भात तो येतो तेव्हा त्याची शर्यत संपलेली असते आणि त्याच्याआधी त्याचा कागद येऊन पोचलेला असतो. कागद वाचायला शिकलं नाही, तर विकणारा वाचून दाखवेल तेच खरं मानावं लागतं.

ज्याच्या नावाचे पैसे मागितले जात होते तो घोडा

सेक्रेटरिएट ३० मार्च १९७० रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, ‘द मेडो’ नावाच्या फार्मवर जन्मला. बाप बोल्ड रूलर, आई समथिंगरॉयल. बोल्ड रूलरने १९५७ मध्ये प्रीकनेस स्टेक्स जिंकली होती, आणि पुढे तब्बल आठ वर्षं तो उत्तर अमेरिकेतला पहिल्या क्रमांकाचा सायर, म्हणजे शिंगरांचा बाप, होता. त्याची शिंगरं लवकर तयार होत, वेगवान निघत. पण सव्वा मैलाच्या पुढे त्यांचा दम टिकत नाही, असं घोडेवाले बोलत. बोल्ड रूलरचा बाप नसरुल्ला. नसरुल्लाचा बाप नियार्को, इटलीच्या फेडेरिको तेसिओंनी पैदा केलेला, १४ शर्यती धावून १४ जिंकलेला. नसरुल्लाची आई मुमताज बेगम आणि तिची आई मुमताज महल. ही घोड्यांची नावं आगाखान तिसरे यांच्या तबेल्यातली. पुण्यातला आगाखान पॅलेस १८९२ साली बांधणारे तेच.

बापाची बाजू मी एवढी सांगितली आणि वडिलांनी मला थांबवलं.

“मॅडम, बापाचं तं सारेच सांगतात. घोड्याच्या मायचं सांगा नं. आमच्या पटात गोऱ्हा घ्याचा असला तं पह्यले त्याची गाय पाह्यतो आमी.”

वडिलांचा, म्हणजे काकांचा, हा प्रश्न पुढे या प्रकरणाला दिशा देणारा ठरला, म्हणून तो त्यांच्याच शब्दांत ठेवला आहे.

समथिंगरॉयल स्वतः एकच शर्यत धावली आणि त्यातही मागे राहिली. तिच्या कामगिरीच्या रकान्याकडे पाहून कोणी तिला दारात उभं केलं नसतं. पण तिचा बाप प्रिन्सक्विलो लांब पल्ल्याच्या दमासाठी ओळखला जायचा, आणि तिने सेक्रेटरिएटच्या आधीच स्वतःला सिद्ध केलं होतं. तिचा मुलगा सर गेलॉर्ड हा चांगला घोडा होता. त्याचा मुलगा सर आयव्हर याने १९६८ ची एप्सम डर्बी जिंकली. बोल्ड रूलरपासूनच झालेली तिची मुलगी सीरियन सी हिने १९६७ मध्ये सेलिमा स्टेक्स जिंकली. सेक्रेटरिएट झाला तेव्हा समथिंगरॉयल १८ वर्षांची होती. ती वयाच्या ३१ व्या वर्षापर्यंत जगली. बापाकडचा वेग आणि आईकडचा दम, असा हा मेळ होता.

आता नाणेफेकीची गोष्ट. बोल्ड रूलर फिप्स कुटुंबाचा होता, आणि ते पैसे घेण्याऐवजी शिंगरांत वाटा घेत. मेडो फार्मने दोन हंगाम प्रत्येकी दोन घोड्या पाठवायच्या, आणि नाणेफेक जिंकणाऱ्याने पहिल्या वर्षीच्या दोन शिंगरांतून आधी निवड करायची, असा करार होता. दुसऱ्या वर्षी पहिली निवड हरणाऱ्याची. १९६९ मध्ये नाणं उडालं तेव्हा दुसऱ्या वर्षीच्या दोन घोड्यांपैकी सिकाडाला गर्भ राहिलेला नव्हता, म्हणजे त्या वर्षी एकच शिंगरू होणार होतं. जो हरेल त्याला ते मिळणार होतं. त्या कुटुंबाचे ऑग्डेन फिप्स जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयलची मादी शिंगरू घेतली. तिचं नाव द ब्राइड. मेडो फार्मच्या पेनी चेनरी हरल्या, आणि समथिंगरॉयलच्या पोटातलं शिंगरू त्यांच्या वाट्याला आलं.

द ब्राइड चार वेळा धावली, पहिल्या तिघांत कधीच आली नाही. तिचं जन्मवर्ष १९६९, सेक्रेटरिएटचं १९७०. बाप तोच, आई तीच. दोघांचे पाच पिढ्यांचे तक्ते शेजारी ठेवले, तर एका अक्षराचाही फरक सापडणार नाही. वंशावळीची मर्यादा सांगताना मी नेहमी याच जोडीचं उदाहरण देते. याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. तक्ता कुठल्या पिशवीतून काय काय निघू शकतं ते सांगतो. प्रत्यक्षात हाती काय आलं, ते त्याला सांगता येत नाही.

धावपट्टीवर

सेक्रेटरिएट दोन वर्षांचा असताना, ४ जुलै १९७२ रोजी अॅक्विडक्टच्या रेसकोर्सवर, पहिल्याच शर्यतीत सुरुवातीलाच धक्काबुक्की झाली आणि तो चौथा आला. त्या हंगामात नऊपैकी सात शर्यती त्याच्या नावावर लागल्या. शॅम्पेन स्टेक्समध्ये तो पहिला आला, पण दुसऱ्या घोड्याला अडथळा केल्याबद्दल त्याला दुसऱ्या क्रमांकावर ढकललं. तरी त्या वर्षाचा ‘हॉर्स ऑफ द इयर’ हा किताब दोन वर्षांच्या या घोड्याला मिळाला. ट्रेनर ल्युसियन लॉरिन, जॉकी रॉन टर्कोट, मोतद्दार एडी स्वेट. एडी स्वेटचं नाव मी मुद्दाम घेते. घोड्याचं अंग रोज हाताखालून घालणारा माणूस तोच, आणि नोंदींमध्ये त्याचं नाव शेवटी येतं.

जानेवारी १९७३ मध्ये पेनी चेनरींचे वडील वारले. वारसाकर भरायचा म्हणून घोडा तीन वर्षांच्या हंगामाआधीच सिंडिकेटला, म्हणजे हिस्सेदारांच्या गटाला, विकला गेला: ३२ हिस्से, प्रत्येकी १,९०,००० डॉलर, एकूण ६०,८०,००० डॉलर. सर्वोत्तम शर्यती अजून धावायच्या होत्या आणि त्याची किंमत प्रजननासाठी ठरून गेली होती.

मग एप्रिलमध्ये वुड मेमोरियलला तो तिसरा आला. तोंडात गळू झालेलं होतं, लगामाचा ताण त्याला सहन होत नव्हता. दोनच आठवड्यांनी, ५ मे रोजी केंटकी डर्बीत त्याने सव्वा मैल १ मिनिट ५९ पूर्णांक दोन-पंचमांश सेकंदांत संपवलं. हा विक्रम अजून मोडलेला नाही. पण त्यातलं खरं नवल वेगळं आहे: पाच पाव-मैलांपैकी प्रत्येक पाव मैल त्याने आधीच्यापेक्षा कमी वेळात कापला. शेवटचा पाव मैल २३ सेकंदांत. सगळे घोडे थकत जातात तिथे हा वेग वाढवत होता. प्रीकनेसमध्ये घड्याळ बिघडल्याने त्याची वेळ वादात राहिली. २०१२ मध्ये जुन्या चित्रफितींवरून ती १ मिनिट ५३ सेकंद अशी दुरुस्त झाली.

९ जून १९७३ ची बेलमॉन्ट स्टेक्स दीड मैलांची. बोल्ड रूलरच्या मुलाला हा पल्ला झेपणार नाही, ही शंका नेमकी इथली होती. पाचच घोडे होते. शॅम हा त्याचा तगडा प्रतिस्पर्धी, डर्बी आणि प्रीकनेस दोन्हींत दुसरा आलेला. दोघे पहिले सहा फर्लांग (पाऊण मैल) १ मिनिट ९ पूर्णांक चार-पंचमांश सेकंदांत गेले, म्हणजे छोट्या पल्ल्याच्या शर्यतीचा वेग दीड मैलांच्या शर्यतीत. शॅम तिथेच मोडला आणि शेवटी पाचवा आला. सेक्रेटरिएट तसाच जात राहिला. २ मिनिटं २४ सेकंद, आणि दुसऱ्या घोड्यापेक्षा ३१ लेंग्थ, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीइतका, पुढे. आपल्या मापात साधारण ७५ मीटर. मातीच्या धावपट्टीवर दीड मैलांची ती वेळ आजही जगात कोणाला गाठता आलेली नाही. डर्बी, प्रीकनेस आणि बेलमॉन्ट या तिन्ही जिंकणाऱ्याचा तिहेरी मुकुट १९४८ च्या सायटेशन या घोड्यानंतर २५ वर्षांनी मिळाला. पैजेची जिंकलेली ५,६१७ तिकिटं लोकांनी पैसे न घेता आठवण म्हणून घरी ठेवली. ही चित्रफीत मी मुलाबरोबर पाहिली, काकाही पाहत होते, आणि शेवटच्या सरळ टप्प्यात टर्कोट मान वळवून घड्याळाकडे बघतो, तिथे काका उठून उभे राहिले.

त्यानंतरच्या दोन हारी मी मुलाला वहीत लिहायला लावल्या. व्हिटनीमध्ये ऑनियनने त्याला हरवलं, तेव्हा तो आजारी होता. वुडवर्डमध्ये प्रूव्ह आउटने हरवलं. या दोन हारींच्या मध्येच मार्लबरो कपमध्ये त्याने नऊ फर्लांगांचा जागतिक विक्रम केला. ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या वुडबाइनला हिरवळीवर साडेसहा लेंग्थनी शेवटची शर्यत जिंकून तो निवृत्त झाला. एकूण २१ शर्यती, १६ विजय, तीन वेळा दुसरा, एकदा तिसरा, एकदा चौथा. कमाई १३,१६,८०८ डॉलर. हाच घोडा, हीच वंशावळ, पण तोंडातल्या एका गळवाने निकाल फिरतो. घोडी विकत घेणाऱ्याने तपासणीवर पैसे का खर्चावेत, त्याला यापेक्षा मोठं कारण लागू नये.

पोरींनं राखलेलं नाव

केंटकीच्या क्लेबोर्न फार्मवर सेक्रेटरिएटची साडेसहाशेच्या वर शिंगरं झाली. त्यांत जनरल असेंब्ली होता, १९८६ ची हॉर्स ऑफ द इयर लेडीज सीक्रेट होती, १९८८ ची प्रीकनेस आणि बेलमॉन्ट जिंकणारा रिझन स्टार होता. कुठल्याही दुसऱ्या घोड्याला हे भूषण ठरलं असतं. पण लोकांना दुसरा सेक्रेटरिएट हवा होता. तो आला नाही, आणि त्याच्या मुलांमधून बापाचा वंश पुढे नेणारा मोठा सायरही निघाला नाही.

त्याच्या मुलींची कहाणी निराळी. वीकेंड सरप्राइजने समर स्क्वॉल आणि ए. पी. इंडी दिले, पहिल्याने १९९० ची प्रीकनेस जिंकली, दुसऱ्याने १९९२ ची बेलमॉन्ट, आणि तो त्या वर्षीचा हॉर्स ऑफ द इयर झाला. टर्लिंग्वाने स्टॉर्म कॅट दिला, ज्याची घोडी भरवण्याची एका वेळची फी पुढे ५,००,००० डॉलरवर गेली. सीक्रेटेमने गॉन वेस्ट दिला. १९९२ मध्ये सेक्रेटरिएट उत्तर अमेरिकेतला पहिल्या क्रमांकाचा ब्रूडमेअर सायर ठरला, म्हणजे घोड्यांच्या आईचा बाप म्हणून पहिला. तेव्हा तो जाऊन तीन वर्षं झाली होती.

काका म्हणाले, “म्हंजे पोरींनं नाव राखलं बापाचं.”

हे का झालं, याचं एक लोकप्रिय उत्तर आहे आणि आमच्या मध्यस्थाने नेमकं तेच पुढे केलं होतं. लॅमिनायटिसने, म्हणजे खुराच्या आतल्या दाहाने, खंगलेल्या सेक्रेटरिएटला ४ ऑक्टोबर १९८९ रोजी वेदनामुक्त मरण दिलं गेलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. थॉमस स्वेर्चेक यांना त्याचं हृदय नेहमीच्या घोड्याच्या दुपटीहून मोठं वाटलं. त्यांनी ते तोललं नाही. नंतर शॅमचं १८ पौंडांचं हृदय त्यांच्या पाहण्यात आलं, तेव्हा त्याच्या तुलनेने त्यांनी सेक्रेटरिएटच्या हृदयाचा २२ पौंडांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा अंदाज बांधला. त्यावरून एक मत पसरलं की मोठ्या हृदयाचा गुण एक्स गुणसूत्रावर असतो. बाप आपलं एक्स फक्त मुलीला देतो, मुलाला वाय देतो. म्हणून सेक्रेटरिएटचं मोठं हृदय मुलींमधून उतरलं. ऐकायला नेमकं वाटतं. यातला एक्सचा नियम पक्का आहे. हृदयाचा आकार एका एक्सवर ठरतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

मला स्वतःला दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं. ३२ हिस्सेदारांनी त्याच्याकडे आपल्या उत्तमोत्तम घोड्या पाठवल्या. टर्लिंग्वाची आई क्रिम्झन सेंट स्वतः विलक्षण वेगवान होती. वीकेंड सरप्राइजची आई लॅसी डिअर हीही चांगल्या घराण्यातली, स्टेक्स जिंकलेली. अशा आयांच्या मुली पुढे सिअॅटल स्लू, स्टॉर्म बर्ड अशा घोड्यांना दाखवल्या गेल्या. सगळं श्रेय आजोबाच्या खात्यावर जमा करणं हा त्या आज्यांवर अन्याय आहे.

आपल्या घोडीचा कागद

आता तक्ता उघडू. घोडीचा बाप हा स्टॉर्म कॅटच्या मुलाचा मुलगा. म्हणजे स्टॉर्म कॅट तिसऱ्या पिढीत, टर्लिंग्वा चौथ्या, सेक्रेटरिएट पाचव्या. घोडीच्या आईचा बाप हा ए. पी. इंडीचा मुलगा; इथेही सेक्रेटरिएट पाचव्या पिढीतच. पाचव्या पिढीत ३२ पूर्वज असतात. त्यांतल्या दोन जागा एकाच्या, म्हणजे सरासरी सव्वासहा टक्के वाटा. प्रत्यक्षात तो कमी-जास्त असेल, कारण प्रत्येक पिढीत फासे नव्याने पडतात.

हृदयाचा मुद्दा तर कागदावरच निकालात निघाला. स्टॉर्म कॅटला आईकडून सेक्रेटरिएटच्या एक्सचा तुकडा मिळाला असेलही. पण त्याने तो आपल्या मुलाला दिला नाही, देऊच शकत नाही. मुलाला त्याच्याकडून वाय गेलं. ए. पी. इंडीकडून त्याच्या मुलाकडे जातानाही तीच कडी तुटते. दोन्ही वाटांवर एकदा तरी बापाकडून मुलाकडे असा टप्पा आहे. त्यामुळे सेक्रेटरिएटच्या एक्सचा एक कणही या दोन वाटांनी या घोडीपर्यंत पोचलेला असणं शक्य नाही. मोठ्या हृदयाचा तो सिद्धांत उद्या खरा ठरला, तरी या घोडीला त्याचा उपयोग नाही. मी मुलाला पेन्सिल देऊन प्रत्येक पायरीवर बाप की आई ते लिहायला सांगितलं. दोन मिनिटांत त्याचं त्यालाच उमगलं.

शिवाय आज स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी किंवा गॉन वेस्ट मागे असलेले थरोब्रेड जगभरात पुष्कळ आहेत. ज्या नावाचे जादा पैसे मागितले जात होते, ते नाव शेजारच्या ठाणावरच्या घोडीच्या कागदातही निघू शकलं असतं.

मग काकांचा प्रश्न: माय कोण? पुण्यातल्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाच्या नोंदींवरून तिची आई, आईची शिंगरं आणि त्यांची कामगिरी पाहिली. आई फारशी जिंकलेली नाही. तिच्या शिंगरांपैकी बहुतेक खालच्या वर्गातच राहिलेली, आपली घोडीही त्यांतलीच. समथिंगरॉयलही जिंकलेली नव्हती, हे मुलाने लगेच दाखवून दिलं. बरोबर आहे, पण तिच्यामागे सर गेलॉर्ड आणि सीरियन सी उभे होते. या आईमागे तसं कोणी उभं नव्हतं. प्रजननासाठी जादा किंमत मोजावी, असं काहीही मला सापडलं नाही.

घोडी

आणि घोडी मात्र छान होती. शांत डोळे, मोकळा खांदा, मुलं जवळ आली तरी कान पुढे. मायक्रोचिप पासपोर्टशी जुळली. दुडक्या चालीत कडक जमिनीवर लंगडत नव्हती. पुढच्या उजव्या पायाच्या मागच्या शिरेवर (टेंडनवर) जुन्या दुखापतीचा जाडसरपणा हाताला लागला. अल्ट्रासाउंडवर तो भरून आलेला दिसला. हृदयाचे ठोके स्वच्छ. गर्भाशय निरोगी.

मला खटकले ते खुर. पुढच्या दोन्ही खुरांवरची वळं टाचेकडे रुंद होत गेलेली होती, आणि मानेवर चरबीचा गठ्ठा. विकण्यासाठी अंग भरावं म्हणून खुराक वाढवलेला असावा. असा दाण्याचा मारा लॅमिनायटिसला आमंत्रण देतो. खुराचं हाड आत फिरलंय का ते पाहायला एक्स-रे काढले. फिरलेलं नव्हतं. पण इशारा मिळाला होता. ज्या आजाराने सेक्रेटरिएट गेला, तो आनुवंशिक वारसा म्हणून इथे आला असं मी मुळीच म्हणत नाही. खाणं, वजन आणि खुरांची निगा यांतून तो कुठल्याही घोड्याला गाठतो.

माझं लेखी मत असं होतं: शिकवणीची घोडी म्हणून घ्यावी, त्याच भावात घ्यावी, वंशावळीचा एक रुपयाही देऊ नये. मध्यस्थ आधी अडला, मग शिरेचा आणि खुरांचा अहवाल पाहून उतरला.

पहिल्या महिन्यात हरभरा पूर्ण बंद केला, कोरड्या चाऱ्यावर ठेवली, नालबंदाला एक्स-रे दाखवून खुराचा पुढचा भाग थोडा थोडा कमी करायला लावला. उन्हाळ्यात सवारी फक्त पहाटे, पाण्यात मीठ-क्षार, ठाणावर पंखा आणि ओली पोती. नागपूरच्या मे महिन्यात या जातीच्या घोड्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये.

शिंगराचा प्रश्न मुलाने सोडलेला नाही. थरोब्रेड म्हणून नोंदणी हवी, तर कृत्रिम रेतन चालत नाही. घोडीला पुण्याकडच्या स्टडवर पाठवावं लागेल, डीएनए चाचणी करावी लागेल, अकरा महिन्यांचा गाभणकाळ सांभाळावा लागेल, आणि त्या शिंगराला धावायला इथे पट्टीच नाही. काकांचं म्हणणं, चांगला काठेवाडी घोडा पाहावा. शिंगरू उन्हाला टिकेल आणि पोरांच्या कामी येईल. मी काकांच्या बाजूने आहे. पुढच्या हिवाळ्यात खुरांचे एक्स-रे पुन्हा निघतील, ते स्वच्छ आले तर घोडा शोधायला सुरुवात करू, आणि त्या घोड्याची माय आधी पाहू.